माहितीची डिस्क निर्दोष, गाण्यांची मात्र खरखरते

लिनक्सवर गाण्यांची सीडी लिहिताना आवाजात येणाऱ्या दोषांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळच्या सदरासाठी निवडली आहेत. प्रोग्रॅमची आणि पर्यायांची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत.

प्रश्न : मी के३बी या प्रोग्रॅममधून एमपी३ गाण्यांच्या ऑडिओ सीडी लिहितो. पूर्वी प्रत्येक डिस्क व्यवस्थित वाजत असे. आता प्रत्येक डिस्कवर तीन-चार ठिकाणी ‘टक्’ असा आवाज येतो किंवा क्षणभर खरखर होते. तीच गाणी पुन्हा लिहिली तर दोष निराळ्या ठिकाणी उमटतो. त्याच ड्राइव्हवर, त्याच खोक्यातल्या कोऱ्या डिस्कवर मी फोटो आणि कागदपत्रे लिहितो, तेव्हा मात्र पडताळणीत एकही चूक निघत नाही. मग बिघाड ड्राइव्हमध्ये मानायचा की लिनक्समध्ये?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची नोंद म्हणजे दोषाची जागा दर वेळी बदलते ही. दोष गाण्याच्या फाइलमध्येच असता, तर तो प्रत्येक डिस्कवर त्याच ओळीला, त्याच सेकंदाला ऐकू आला असता. तो फिरता आहे, म्हणून फाइल बहुतांशी निर्दोष आहे आणि गडबड फाइल उघडल्यापासून लेझर डिस्कवर उमटेपर्यंतच्या वाटेत कुठेतरी होते आहे, असे धरून चालता येते. ही एक गोष्ट निश्चित झाली की निम्मी शोधाशोध वाचते. इतर वाचकांनाही माझी हीच विनंती आहे, की दोष ऐकू आल्याबरोबर ट्रॅकचा क्रमांक, मिनिट आणि सेकंद लिहून ठेवावेत आणि मगच दुसरी डिस्क हाती घ्यावी.

आता माहितीची डिस्क निर्दोष निघते आणि गाण्यांची निघत नाही, याचे कारण पाहू. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये ऑडिओ सीडीचे जे मानक ठरवले, त्यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या असतात. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात, आणि ते ७५ सेक्टरांत विभागले की प्रत्येक सेक्टरच्या वाट्याला २,३५२ बाइट येतात. माहितीच्या डिस्कवरही सेक्टर तेवढाच असतो, पण त्यातील केवळ २,०४८ बाइट आपल्या फाइलसाठी असतात. उरलेल्या ३०४ बाइटांत सेक्टरचा पत्ता, चूक ओळखण्याची खूण आणि चूक दुरुस्त करण्याची जादा माहिती ठेवलेली असते. गाण्याच्या डिस्कवर हे सर्वच्या सर्व २,३५२ बाइट आवाजाला दिलेले असतात. तिच्यात दुरुस्तीची सोय मुळीच नाही असे नाही. लेझरने वाचलेल्या प्रवाहावर दुहेरी रीड-सोलोमन दुरुस्ती होते आणि सुमारे २.५ मिलिमीटर लांबीचा ओरखडा त्यातून पूर्ण भरून निघतो. परंतु त्यापुढे चूक उरली, तर माहितीच्या डिस्कला आणखी एक तटबंदी असते आणि गाण्याच्या डिस्कला ती नसते. तेथे प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून मधली जागा भरतो, आणि तेही साधले नाही तर क्षणभर आवाज बंद करतो. आपल्याला ऐकू येणारी खरखर ही त्या फसलेल्या अंदाजाची असू शकते. शिवाय माहिती वाचताना सेक्टर चुकला तर ड्राइव्ह मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. गाणे वाजत असताना तेवढी सवड बहुतेक प्लेअरना नसते. म्हणून फोटो शाबूत आहेत एवढ्यावरून ड्राइव्हला निर्दोष ठरवता येत नाही, आणि गाणे खरखरले एवढ्यावरून त्याला दोषीही ठरवता येत नाही.

आपण एमपी३ फाइली थेट लिहिता असे दिसते. त्या वेळी संगणकाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात : एमपी३ उलगडून मूळ नमुने तयार करायचे आणि ते खंड न पडता ड्राइव्हला पुरवत राहायचे. १६ पट गतीने लिहिताना ड्राइव्ह सेकंदाला सुमारे २८ लाख बाइट मागतो. मध्येच न्याहाळकाने हार्ड डिस्क घेरली, पार्श्वभूमीत अद्ययावतीकरण सुरू झाले किंवा फाइली दूरच्या यंत्रावरून नेटवर्कने येत असल्या, तर पुरवठा तुटतो. आजचे ड्राइव्ह अशा वेळी डिस्क वाया घालवत नाहीत. सान्यो कंपनीने २००० च्या सुमारास आणलेल्या बर्न-प्रूफ तंत्रानंतर जवळजवळ सर्व ड्राइव्हना लेखन थांबवून, बफर, म्हणजे ड्राइव्हमधील तात्पुरता साठा, भरल्यावर त्याच जागेवरून पुढे सुरू करता येते. माहितीच्या डिस्कवर तो सांधा वरच्या दुरुस्तीत पूर्ण विरून जातो. गाण्याच्या डिस्कवर तो बहुधा ऐकू येत नाही, पण काही ड्राइव्हवर, विशेषतः जुन्या, त्याच ठिकाणी बारीक ‘टक्’ होते. संगणकावर त्या वेळी इतर काय चालले होते यावर सांध्याची जागा ठरत असल्यामुळे ती दर डिस्कला बदलते. आपले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

तेव्हा पहिला उपाय असा, की उलगडणे आणि लिहिणे ही दोन कामे वेगळी करावीत. एफएफएमपेग, सॉक्स किंवा एमपीजी१२३ यांपैकी कोणत्याही साधनाने आधी सर्व गाण्यांच्या वेव्ह फाइली करून घ्याव्यात : ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन वाहिन्या. पूर्ण भरलेल्या ८० मिनिटांच्या डिस्कसाठी सुमारे ८५ कोटी बाइट, म्हणजे एक जीबीच्या आत जागा लागते. या वेव्ह फाइली हेडफोन लावून ऐकाव्यात. सर्व ऐकणे शक्य नसेल, तर निदान प्रत्येक गाण्याची सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकावा. तेथे दोष नसेल तर तो अजून जन्मलेलाच नाही, आणि पुढील पायरीवर तो निघाला तर त्याचे जन्मस्थान आपोआप कळते. के३बीमध्येही आधी प्रतिमा तयार करून मग लिहिण्याचा पर्याय आहे; तो निवडला तरी हेच साधते.

दुसरा उपाय म्हणजे लेखनाच्या वेळी प्रोग्रॅम काय सांगतो ते वाचणे. वोडिम किंवा सीडीरेकॉर्ड हे डिस्क लिहिणारे प्रोग्रॅम टर्मिनलवरून ‘व्ही’ या पर्यायासह चालवले, तर शेवटी फिफो, म्हणजे पुरवठ्याचा साठा, किती वेळा रिकामा झाला, किती वेळा भरला आणि कमीत कमी किती टक्क्यांपर्यंत उतरला ते छापले जाते. ज्या ड्राइव्हमध्ये सोय असते तेथे बर्न-फ्री, म्हणजे वर सांगितलेले लेखन थांबवून पुढे सुरू करण्याचे तंत्र, किती वेळा वापरावे लागले हेही सांगितले जाते. मी स्वतः प्रत्येक डिस्कनंतर या दोन ओळी वहीत उतरवून घेतो, कारण कानाला संशय येण्याआधी त्या ओळी खरे सांगतात. साठा एकदाही रिकामा झाला नाही आणि बर्न-फ्रीची गरज एकदाही पडली नाही, तर पुरवठ्यावरचा संशय सोडून द्यावा. तसे नसेल तर ‘एफएस’ या पर्यायाने साठा वाढवावा. ४ एमबीचा साठा १६ पट गतीला दीड सेकंदात संपतो, तर ३२ एमबीचा सुमारे बारा सेकंद पुरतो. सीडीआरडीएओ हा दुसरा लेखन-प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी ‘बफर्स’ हा पर्याय पाहावा. तेथे एक बफर म्हणजे एका सेकंदाचा आवाज, आणि मुळात ३२ बफर असतात. म्हणजे १६ पट गतीला तेथेही केवळ दोन सेकंदांची सवड मिळते. ती १२८ केली तर आठ सेकंद मिळतात.

काही वाचकांना याच वेळी स्मृती कुलूपबंद करता आली नाही किंवा प्राधान्यक्रम वाढवता आला नाही अशा अर्थाची सूचना दिसत असेल. प्रोग्रॅमला पुरेसे अधिकार नाहीत एवढाच तिचा अर्थ आहे. मोकळ्या संगणकावर तिने काही बिघडत नाही. गजबजलेल्या संगणकावर मात्र तीच सूचना पुरवठा तुटण्याचे कारण सांगत असते. त्यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे लेखन चालू असताना संगणकाला इतर काम न देणे.

जुना संगणक आणि २.४ मालिकेतील कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अजून चालवणाऱ्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी लेखनासाठी आयडीई-स्कझी हा मार्ग वापरत आणि हस्तांतराचा आकार ५१२ च्या पटीत नसेल तर तेथे डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवण्याची सोय, वापरली जात नसे. २,०४८ ही संख्या ५१२ च्या पटीत आहे, २,३५२ नाही. परिणामी माहितीची डिस्क सहज लिहिली जाई, आणि गाण्यांची लिहिताना प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागे. अशा यंत्रावर गती ८ पट किंवा त्याहून कमी ठेवण्यावाचून फारसा मार्ग नाही.

हे सर्व करून पुरवठा अखंड असल्याची खात्री झाली आणि तरीही खरखर राहिली, तर डिस्कच पुन्हा वाचून पाहावी. सीडीपॅरानोया हा प्रोग्रॅम गाण्याचा प्रत्येक तुकडा एकमेकांवर थोडा चढवून वाचतो आणि दोन्ही वाचने जुळेपर्यंत पुढे सरकत नाही. त्याने काढलेली वेव्ह फाइल आणि आपण लिहिलेली वेव्ह फाइल दोन्ही ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडाव्यात. त्या सुरुवातीला काही नमुन्यांनी पुढे-मागे असतील. प्रत्येक ड्राइव्ह वाचताना आणि लिहिताना थोडे सरकवतो. तो दोष नव्हे. मोठे करून पाहून एकच ठळक शिखर दोन्हींत नमुन्याला नमुना जुळवावे, मग एका फाइलची लहर वरची खाली अशी उलटी करून दोन्ही एकत्र मिसळाव्यात. डिस्क अचूक असेल तर उरते ती केवळ शांतता. जेथे काही उरेल तेथेच दोष आहे, आणि तो नेमक्या कोणत्या सेकंदाला आहे ते डोळ्यांना दिसते. या तपासणीला अर्धा तास जातो, पण तिच्यानंतर तर्क करत बसावे लागत नाही. शांतता उरली आणि तरी प्लेअरवर खरखर येते, तर दोष प्लेअरचा आहे किंवा प्लेअरला ती डिस्क नीट वाचता येत नाही. त्याविषयी शेवटच्या प्रश्नात लिहिले आहे.

प्रश्न : मी एका मैफलीचे ध्वनिमुद्रण संगणकावर केले आणि आवाजाची कच्ची फाइल वोडिमने डिस्कवर लिहिली. डिस्क लिहून पूर्ण झाली, एकही चूक दाखवली गेली नाही, पण वाजवल्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत केवळ कर्कश फुसफुस ऐकू येते. संगणकावर तीच फाइल उत्तम वाजते. ध्वनिमुद्रण गमावले की काय, अशी भीती वाटते.

उत्तर : ध्वनिमुद्रण सुखरूप आहे, चुकला आहे तो बाइटांचा क्रम. १६ बिटांचा एक नमुना दोन बाइटांत साठवला जातो आणि त्यांतला कोणता आधी ठेवायचा याच्या दोन पद्धती आहेत. आपल्या नेहमीच्या संगणकांत लहान बाइट आधी येतो. सीडीरेकॉर्ड आणि वोडिम मात्र शीर्षक नसलेली कच्ची फाइल मिळाली, तर मोठा बाइट आधी आहे असे गृहीत धरतात. दोन्हींची अदलाबदल झाली की नमुन्याचा सर्वांत क्षुल्लक भाग सर्वांत मोठा होऊन बसतो आणि गाण्याच्या जागी गोंगाट उरतो. नीट कान दिला तर त्या गोंगाटामागे मैफलीची चढ-उतार अंधुकपणे जाणवते. हीच या दोषाची ओळख आहे. ‘स्वॅब’ हा पर्याय दिला की क्रम बदलून लिहिला जातो. सीडीआरडीएओमध्ये त्याच कामासाठी ‘स्वॅप’ आहे.

तरीही माझा सल्ला असा, की कच्ची फाइल लिहूच नये. वेव्ह फाइलच्या शीर्षकात बाइटांचा क्रम, नमुन्यांची गती आणि वाहिन्यांची संख्या लिहिलेली असते आणि लेखनाचे प्रोग्रॅम ती वाचून घेतात. नमुने सेकंदाला ४८,००० असतील तर ध्वनीची रचना अयोग्य आहे असे सांगून ते लेखन नाकारतात. कच्च्या फाइलला ती सोय नाही. ४८,००० चे ध्वनिमुद्रण कच्चे लिहिले गेले, तर गायकाचा आवाज सुमारे दीड अर्धस्वराने खाली उतरतो आणि एक तासाची मैफल सव्वापाच मिनिटांनी लांबते. याच्या उलट चूकही होते : वेव्ह फाइलच कच्ची समजून लिहिली, तर तिच्या शीर्षकाचे ४४ बाइट म्हणजे अकरा नमुने आवाज म्हणून वाजतात आणि प्रत्येक ट्रॅकच्या आरंभी एक टिचकी ऐकू येते. ट्रॅकच्या अगदी पहिल्या क्षणी, आणि केवळ तेथेच, टिचकी येत असेल तर आधी हे तपासावे.

प्रश्न : माझ्याकडे एक अखंड वादन आहे. त्याचे आठ ट्रॅक आहेत, पण संगीत मध्ये कोठेही थांबत नाही. मूळ डिस्कवर ते सलग वाजते. मी तयार केलेल्या प्रतीत मात्र प्रत्येक ट्रॅकनंतर दोन सेकंद शांतता पडते. एका स्नेह्याने सांगितल्याप्रमाणे पर्याय बदलला, तेव्हा शांतता गेली, पण प्रत्येक सांध्यावर बारीक टिचकी राहिली. ती घालवता येईल का?

उत्तर : येईल, आणि अशा संगीतासाठी ती घालवलीच पाहिजे, कारण सलग वादनातील एक टिचकी सगळी तंद्री मोडते. दोन सेकंदांची शांतता एकेक ट्रॅक स्वतंत्रपणे लिहिण्याच्या पद्धतीमुळे येत होती. त्या पद्धतीत प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर बंद होतो आणि पुढील ट्रॅकआधी १५० सेक्टरांची मोकळी जागा सोडली जाते. ‘डीएओ’ या पर्यायाने संपूर्ण डिस्क एका दमात लिहिली जाते. आपल्या स्नेह्याने तोच सुचवला असावा. गाण्यांच्या डिस्कसाठी मी नेहमी हाच वापरतो, गाणी सुटी असली तरीही, कारण मधले सांधे राहिलेच नाहीत तर त्यांचा आवाज येण्याचा प्रश्नच उरत नाही.

राहिलेल्या टिचकीचे कारण सेक्टरच्या आकारात आहे. सेक्टरमध्ये ५८८ नमुने बसतात आणि ट्रॅक नेहमी पूर्ण सेक्टरवरच संपावा लागतो. आपल्या वेव्ह फाइलची लांबी ५८८ च्या पटीत नसेल, तर प्रोग्रॅम एक तर ती नाकारतो किंवा ‘पॅड’ पर्याय दिल्यास उरलेली जागा शून्यांनी भरतो. ही जागा जास्तीत जास्त सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग असते. सुट्या गाण्याच्या शेवटी, जेथे आवाज आधीच विरलेला असतो, तेथे ती कोणाला कळतही नाही. पण तंबोरा झंकारत असताना आवाज एकाएकी शून्यावर येऊन पुन्हा उसळला, तर कानाला ते टिचकीसारखेच लागते.

एसएचएनटूल नावाचे लहानसे साधन यासाठीच आहे. त्याची ‘लेन’ ही आज्ञा सर्व फाइलींची लांबी दाखवते आणि जी फाइल सेक्टरच्या सीमेवर संपत नाही तिच्यापुढे खूण करते. ‘फिक्स’ ही आज्ञा दोन ट्रॅकांमधील सीमा किंचित सरकवून जादा नमुने शेजारच्या ट्रॅकमध्ये टाकते. त्यात एकही नमुना गमावला जात नाही आणि भर घातली जाते ती केवळ अगदी शेवटच्या ट्रॅकच्या शेपटीला. फाइली मात्र योग्य क्रमाने द्याव्यात, कारण पहिल्याचे नमुने दुसऱ्यात जाणार आहेत. फाइलींच्या नावांत १, २ ऐवजी ०१, ०२ असे आकडे ठेवले म्हणजे दहाव्या ट्रॅकनंतरचा घोटाळा टळतो. याहून सुटसुटीत मार्ग म्हणजे मूळ डिस्कची एकच सलग वेव्ह फाइल काढणे आणि ट्रॅक कोठे सुरू होतात ते क्यू फाइलमध्ये मिनिट, सेकंद आणि सेक्टर या रूपात लिहिणे. आवाज कापलाच नाही तर तो जोडावाही लागत नाही.

आपण ट्रॅक मध्यंतरी एमपी३ मध्ये बदलून ठेवले असतील, तर मात्र एक अडचण उभी राहते. एमपी३ चे संकोचन १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत होते आणि संकोचन व उलगडणे या दोन्हींत आरंभी थोडी शांतता घुसते. लेम या संकोचकाच्या बाबतीत ती ५७६ आणि उलगडताना ५२९ नमुने, म्हणजे एकूण सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग असते. लेम ही संख्या फाइलमध्ये नोंदवून ठेवतो आणि एमपीजी१२३ सारखे साधन ती वाचून तेवढा भाग छाटते. नोंद नसलेल्या फाइलींत ते शक्य नसते. म्हणून अखंड वादन जपायचे असेल तर ते फ्लॅकमध्ये जपावे. फ्लॅक उलगडल्यावर मूळ नमुने जसेच्या तसे परत मिळतात.

प्रश्न : एका जुन्या डिस्कची प्रत केली. टिचकी नाही, खरखर नाही, पण प्रत मूळ डिस्कपेक्षा तीक्ष्ण वाटते; झांजा आणि ‘स’ चा उच्चार कानाला बोचतो. दोन्ही एकाच प्लेअरवर ऐकल्या आहेत. अंकीय प्रतीत असा फरक पडू शकतो का?

उत्तर : पडू शकतो, आणि आपला कान आपल्याला फसवत नाही. सीडीच्या सुरुवातीच्या काळात काही डिस्कवर उंच स्वर मुद्दाम वाढवून मुद्रित करत आणि प्लेअरने ते तितकेच खाली आणावेत अशी खूण ट्रॅकच्या नोंदीत ठेवत. या पद्धतीला प्री-एम्फसिस म्हणतात. उंच स्वरांतील वाढ सर्वांत वरच्या पट्टीत जवळजवळ १० डेसिबलपर्यंत जाते. प्रत काढताना नमुने बरोबर उतरले, पण ही खूण मागे राहिली, तर प्लेअर ते स्वर खाली आणत नाही आणि आपण वर्णन केलेला बोचरेपणा येतो. सीडीपॅरानोया मोठ्या ‘क्यू’ या पर्यायाने मूळ डिस्कची सूची दाखवतो, त्यात ‘प्री’ नावाचा एक स्तंभ असतो. तेथे होकार दिसला तर वोडिमला त्या ट्रॅकसाठी ‘प्रीएम्प’ हा पर्याय द्यावा. संगणकावर किंवा फोनवर ऐकण्यासाठी प्रत करायची असेल, तर सॉक्सच्या ‘डीएम्फ’ या परिणामाने स्वर कायमचे खाली आणून घ्यावेत. दोन्ही उपाय एकत्र करू नयेत. तसे केल्यास स्वर दोनदा उतरतील आणि प्रत निस्तेज होईल.

तीक्ष्णतेचे आणखी एक कारण एमपी३ पासून केलेल्या डिस्कवर आढळते. मोठ्या आवाजात मुद्रित केलेले गाणे उलगडताना काही शिखरे १६ बिटांच्या मर्यादेबाहेर जातात आणि सपाट कापली जातात. गाणे सर्वांत जोरात असते तेथेच, आणि दर वेळी तेथेच, आवाज फाटत असेल तर हे कारण संभवते. एफएफएमपेगने उलगडतानाच ‘व्हॉल्यूम’ गाळणीने आवाज दोन डेसिबलने कमी करावा. वेव्ह तयार झाल्यानंतर कमी करून उपयोग नाही, कारण तोवर शिखरे कापली गेलेली असतात.

प्रश्न : माझ्या डिस्क संगणकावर स्वच्छ वाजतात. घरातील जुन्या प्लेअरवर मात्र शेवटच्या दोन-तीन गाण्यांत अडखळतात, आणि पुन्हा लिहिता येणारी डिस्क तर तो ओळखतच नाही. सर्वांत कमी गतीने लिहिले की डिस्क चांगली होते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

उत्तर : पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कचा प्रश्न सरळ आहे. एकदाच लिहिता येणारी डिस्क सुमारे ६५ ते ७० टक्के प्रकाश परावर्तित करते, पुन्हा लिहिता येणारी केवळ १५ ते २५ टक्के. जुन्या प्लेअरचा लेझर एवढ्या मंद प्रकाशासाठी बनवलेलाच नाही. त्याच्यासाठी एकदाच लिहिता येणारीच डिस्क घ्यावी आणि ती शेवटी बंद करावी, म्हणजे तिच्यावर पुढे काही लिहिता येणार नाही अशी करावी. सत्र उघडे ठेवलेली डिस्क असे प्लेअर वाचत नाहीत.

शेवटची गाणी अडखळणे ही वेगळी बाब आहे. सीडी आतून बाहेरच्या दिशेने लिहिली जाते, त्यामुळे शेवटची गाणी बाहेरच्या कडेला असतात. तेथे डिस्कचा किंचितसा वाकडेपणा जास्त जाणवतो, बोटांचे ठसे तेथेच पडतात, आणि गती वाढवत नेणाऱ्या ड्राइव्हची सर्वाधिक गती तेथेच असते. म्हणून ७९ मिनिटे काठोकाठ भरण्याऐवजी ७० मिनिटांवर थांबून पाहावे. माझ्या अनुभवात जुन्या प्लेअरच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटल्या आहेत.

गतीविषयीचा समज एके काळी खरा होता. ज्या काळी डिस्क ४ पट गतीसाठीच बनत, त्या काळी २ पट गतीने लिहिणे शहाणपणाचे होते. आजच्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर ४८ किंवा ५२ पट गतीसाठी तयार केलेला असतो आणि ड्राइव्हही तशाच सवयीचा असतो. त्यांना रखडत लिहायला लावले तर परिणाम सुधारतोच असे नाही. मी १६ पट गतीपासून सुरुवात करतो, आणि ड्राइव्ह तीच गती खरोखर वापरतो का ते पाहतो, कारण न मानवणारी गती मागितल्यास काही ड्राइव्ह मुकाट्याने जवळची दुसरी गती घेतात. वोडिमचा ‘पीआरकॅप’ हा पर्याय ड्राइव्हला कोणत्या गती मान्य आहेत ते सांगतो.

कोणती गती आपल्या ड्राइव्हला आणि आपल्या डिस्कला मानवते याचा निर्णय मोजून करावा. वोडिमसोबत येणाऱ्या रीडओएम या प्रोग्रॅममध्ये ‘सी२स्कॅन’ हा पर्याय आहे. सीडीरेकॉर्डसोबत येणाऱ्या रीडसीडीमध्येही तोच आहे. तो सगळी डिस्क वाचून, दुरुस्तीच्या दुसऱ्या टप्प्यानंतरही उरलेल्या चुका मोजतो, म्हणजे ज्या ठिकाणी प्लेअरला अंदाज बांधावा लागेल ती ठिकाणे. एकाच खोक्यातील तीन डिस्क ८, १६ आणि २४ पट गतीने, तीच गाणी घेऊन लिहाव्यात आणि तिन्हींची मोजणी करावी. नव्या डिस्कवर ही संख्या शून्य असायला हवी. जिच्यावर शून्य येते ती गती डिस्कच्या खोक्यावर लिहून ठेवावी, आणि दुसऱ्या जातीचे खोके आणले की हीच मोजणी पुन्हा करावी. तिन्हींवर शून्य येऊनही प्लेअर अडखळत असेल, तर त्याची भिंग साफ करून पाहावी आणि विकत घेतलेली, छापील डिस्क त्यावर शेवटपर्यंत ऐकावी. तीही शेवटच्या गाण्यांत अडखळली, तर संगणकाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. प्लेअर दुरुस्तीला द्यावा.